दर दोन मिनिटांनी

समुद्रावर धुकं उतरलं की जहाजांनी पाळायचा एक नियम आहे. जहाज इंजिनावर पुढे चाललं असेल, तर दोन मिनिटं उलटायच्या आत त्याने एकदा भोंगा वाजवायचा. चार ते सहा सेकंदांचा, लांब. समोर कोणी असो की नसो. उत्तर येवो की न येवो. धुकं पाच तास राहिलं, तर पाच तास वाजवत राहायचं. टक्कर होऊ नये म्हणून जगभरच्या देशांनी 1972 साली समुद्रावरच्या वाहतुकीचे नियम ठरवले, त्यातला हा पस्तिसावा नियम. अटलांटिकमधल्या मोठमोठ्या जहाजांना तो लागू आहे आणि आपल्या मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनाही.

नागपूरहून मुंबईचा समुद्र समृद्धी महामार्गाने सातशे किलोमीटरहून लांब. तो भोंगा आपल्या कानावर पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत धुकं आपल्याकडेही येतं. आदल्या दिवशी पाऊस शिंतडून गेलेला असतो. रात्री आभाळ मोकळं होतं, वारा पडतो, जमीन गार होत जाते आणि तिच्यावरची ओलसर हवा पहाटे दुधासारखी होऊन बसते. अंबाझरी तलावाच्या काठावर फिरायला येणारी माणसं अशा सकाळी एकमेकांना आवाजावरून ओळखतात. हवामान खात्याच्या हिशेबाने एक किलोमीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की ते धुकं. पन्नास मीटरपलीकडचंही दिसत नसेल, तर अतिदाट धुकं. आपल्याकडे बहुतेक वेळा नऊ-दहा वाजता ऊन येतं आणि सगळं पूर्ववत दिसू लागतं.

नागपूरकरांची धुक्याशी खरी गाठ पडते ती रेल्वे स्टेशनवर. दिल्लीहून दक्षिणेला जाणाऱ्या कितीतरी गाड्या इथून जातात. धुकं पडतं तिकडे, मथुरा-आग्र्याच्या बाजूला, आणि उशीर कळतो इकडे. इथे लख्ख ऊन असतं. स्वेटर काढून हातावर घेतलेली माणसं फलाटावर उभी असतात आणि तेलंगणा एक्स्प्रेस चार तास उशिरा असल्याचं पाटीवर दिसतं. ज्याची वाट पाहायची तो धुक्यात आणि वाट पाहणारा उन्हात. हे दृश्य मला दर हिवाळ्यात विचार करायला लावतं. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोन माणसांचंही कधी कधी असंच असतं. एकाच्या डोळ्यांपुढे काही दिसत नसतं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो, कारण त्याच्या खिडकीत ऊन असतं.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला निघालो होतो. धक्का जरासा मागे पडला आणि किनारा दिसेनासा झाला. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, तेही कळेना. लाँच चालवणाऱ्या तांडेलाने वेग उतरवला. एक खलाशी पुढे नाळेवर जाऊन उभा राहिला. मग भोंगा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. माझा भाचा तेव्हा शाळेत होता. त्याने तांडेलाला विचारलं, "काका, समोर तर कोणीच नाही. कोणासाठी वाजवता?" तांडेल समोरची नजर न काढता म्हणाला, "कोणी असलाच, तर त्याला कळायला नको का, आपण इथे आहोत म्हणून?" पुढच्या भोंग्यानंतर डावीकडून टणटण असा आवाज आला. पत्र्याच्या डब्यावर काहीतरी आपटत होतं. तांडेलाने लाँच आणखी हळू केली. जरा वेळाने धुक्यातून एक छोटी मासेमारी होडी दिसली. होडीतल्या माणसाने हात वर केला, तांडेलानेही केला आणि दोघं आपापल्या वाटेने गेले.

तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. आपल्याकडे व्हरायटी चौकात हॉर्न वाजतो, त्याचा अर्थ "सरक बाजूला" असा असतो. तिथला भोंगा कोणाला सरकायला सांगत नव्हता. मदतही मागत नव्हता. मी इथे आहे, हळू चाललोय, एवढंच तो सांगत होता. ऐकणाऱ्याचं काम त्याने सोपं केलं होतं.

घरी आल्यावर मी त्या नियमाविषयी वाचलं आणि मला तो फार आवडला. कारण त्यात एकच आवाज नाही. ज्याची जशी अवस्था, तसा त्याचा आवाज. इंजिनावर पुढे चाललेल्या जहाजाचा एक लांब भोंगा. पाण्यात आहे, पण थांबलंय, पुढे सरकत नाही, अशा जहाजाचे दोन लांब भोंगे. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाने दर मिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवायची. आणि शिडावर चाललेली नाव, जाळं ओढणारी होडी, दुसऱ्याला ओढत नेणारं जहाज, यांच्यासाठी वेगळा आवाज आहे. एक लांब आणि त्यामागून दोन छोटे. या सगळ्यांना मनात येईल तसं चटकन वळता येत नाही. वाऱ्याने अडवलेलं असतं, जाळ्याने अडवलेलं असतं, मागच्या ओझ्याने अडवलेलं असतं. तो आवाज ऐकला की बाकीच्यांनी समजून घ्यायचं की याला पटकन बाजूला होता येणार नाही, आपणच जरा सांभाळून जाऊ.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ओळखीची किती माणसं आली! म्हाताऱ्या आईवडिलांचं सगळं करून नोकरी सांभाळणारी बाई म्हणजे मागे जहाज बांधून चाललेलं जहाज. तिच्याकडून चटकन वळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. पण तिच्या ऑफिसात हे ठाऊक तर हवं! तिने एकदा सांगितलं, की "सध्या घरी असं असं आहे, संध्याकाळी सहानंतर मला थांबता येणार नाही," तर बहुतेक माणसं समजून घेतात. माणसं वाईट नसतात. त्यांना दिसत नसतं, इतकंच.

आपण बोलत नाही, त्याचं कारणही बहुधा चांगलंच असतं. घरातल्या कर्त्या माणसाला वाटतं, कशाला सगळ्यांच्या डोक्याला ताप. आजीला वाटतं, गुडघा दुखतोय हे पोराला अमेरिकेत कशाला कळवायचं, तो तिकडे काय करणार. मुलीला वाटतं, मुलाखत बरी गेली नाही हे आईला आत्ताच सांगून तिचा दिवस कशाला खराब करू. सगळ्यांच्या मनात माया असते. मायेपोटीच ते गप्प राहतात. मात्र गप्प बसलेल्या माणसाभोवती घरातले बाकीचे अंदाज बांधू लागतात आणि अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा मोठा होतो. बाबा आज जेवताना बोलले नाहीत, म्हणजे माझ्यावर चिडलेत, असं दहावीतल्या मुलाला वाटतं. बाबांच्या डोक्यात मात्र कर्जाचा हप्ता असतो. "आज जरा कामाचं टेन्शन आहे रे, तुझ्यावर राग नाही," एवढं एक वाक्य ताटावर बसताना म्हटलं, तर पोरगं निवांत जेवेल. हप्त्याचा आकडा त्याला सांगायची गरजच नाही. भोंगा जहाजात काय माल भरलाय ते सांगत नाही.

नियमात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते. बारा मीटरपेक्षा लहान नावेला मोठ्या जहाजासारखा भोंगा असलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. पण म्हणून तिला गप्प राहायची मुभाही नाही. भोंगा नसेल, तर दुसरा कसलाही नीट ऐकू जाईल असा आवाज तिने दोन मिनिटांच्या आत करायचा. रेवसच्या वाटेवरचा तो पत्र्याचा डबा म्हणजे हाच नियम. आपल्या कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेवर थंडीच्या सकाळी वाफ उठल्यासारखं धुकं असतं. तिथे डोंगा घेऊन जाळी काढायला गेलेले ढिवर एकमेकांना लांबूनच हाळी देतात. नुसतं "होऽऽ". पलीकडून तसंच "होऽऽ". त्यात शब्द एकही नसतो, तरी कोण कुठे आहे ते दोघांना कळतं. आपण लहान आहोत, आपल्या कळवण्याने कोणाला काय फरक पडणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. मोठ्या जहाजाला सगळ्यात जास्त गरज असते ती लहान होडीच्या आवाजाची. कारण तीच त्याला दिसत नाही.

वाजवणं झालं की उरतो तो मधला वेळ. दोन भोंग्यांच्या मधली ती दोन मिनिटं रिकामी नसतात. ती ऐकण्यासाठी असतात. समुद्रावर सतत पहारा ठेवायचा तो डोळ्यांनी आणि कानांनीही, असं नियमच सांगतो. पुढच्या बाजूने कोणाचा भोंगा ऐकू आला, की वेग अगदी कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं. धुक्यात आवाज नेमका कुठून आला हे फसवं असतं. म्हणून एका भोंग्यावरून कोणी निर्णय घेत नाही. दुसऱ्याची वाट पाहतात, तिसऱ्याची पाहतात. अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधू नका, असं त्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. सातव्या नियमात. जहाजांसाठी लिहिलेलं हे वाक्य प्रत्येक घरात उपयोगी पडावं. वहिनींनी फोन उचलला नाही, साहेबांनी नमस्काराला मान हलवली नाही, मैत्रिणीने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. हा एकच भोंगा झाला. दुसरा ऐकू येईपर्यंत थांबावं.

सतत बोलणाऱ्याचं इथेच चुकतं. भोंगा अखंड वाजत राहिला, तर दुसऱ्याचा ऐकू कसा येणार? कळवणं वेगळं आणि दिवसभर स्वतःविषयी बोलत राहणं वेगळं. चार सेकंद सांगायचं आणि मग कान उघडे ठेवायचे.

आता कोणी म्हणेल, हल्ली हे सगळं फोनवर आपोआप दिसतं. कोण कधी ऑनलाइन होतं ते दिसतं, लाइव्ह लोकेशन दिसतं, गाडी वर्ध्याला पोचली की बुटीबोरीला तेही दिसतं. खरं आहे. सोय मोठी आहे आणि ती वापरावी. पण 25 जुलै 1956 च्या रात्री काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे. इटलीचं 'आंद्रेया दोरिया' हे प्रवासी जहाज न्यूयॉर्कला चाललं होतं. स्वीडनचं 'स्टॉकहोम' न्यूयॉर्कहून परत निघालं होतं. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, 'आंद्रेया दोरिया' दाट धुक्यात होतं. दोन्ही जहाजांवर रडार होतं. दोघांनाही एकमेकांचा ठिपका पडद्यावर दिसत होता. हा कोणत्या बाजूने जाईल, ते दोघांनी मनाशी ठरवलं आणि दोघांचं ठरवणं उलटं निघालं. रेडिओवर एकमेकांशी कोणी बोललं नाही. 'आंद्रेया दोरिया' भोंगा वाजवत होतं, पण वेग त्याने फारसा कमी केला नव्हता. दोघांचा वेग मिळून ताशी चाळीस सागरी मैलांच्या आसपास. मोठ्या जहाजाचा भोंगा आजच्या नियमाप्रमाणे दोन सागरी मैलांवर ऐकू जायला हवा. त्या वेगाने दोन मैल म्हणजे तीन मिनिटं! अकराच्या सुमारास टक्कर झाली. 51 माणसं गेली.

त्या रात्रीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे, कारण तो फार मोठा आहे. 'आंद्रेया दोरिया'ने मदत मागितली, तेव्हा फ्रान्सचं 'इल द फ्रान्स' हे जहाज युरोपच्या वाटेवर होतं. कप्तानाने ते मागे वळवलं, धुक्यातून आणलं आणि जवळ आल्यावर जहाजावरचे सगळे दिवे लावायला सांगितले. त्या एका जहाजाने 753 माणसं वाचवली. आणखी जहाजं आली, 'स्टॉकहोम'नेही स्वतःची नाळ चेपलेली असताना शेकडो माणसं घेतली. 'आंद्रेया दोरिया' दुसऱ्या दिवशी सकाळी बुडालं, पण त्याच्यावरची सुमारे 1,660 माणसं वाचली. हाक कानावर पडली, की माणसं येतात. हे मी मनापासून मानते.

तर पडद्यावर ठिपका दिसणं आणि त्या माणसाने स्वतः सांगणं, यांत फरक आहे. लाइव्ह लोकेशन मुलगा पुण्यात हॉस्टेलवर आहे इतकं सांगतं. तो जेवला का, झोपला का, त्याचं मन लागतंय का, हे त्याच्या आवाजातूनच कळतं. ठिपक्यावरून आपण कहाणी रचतो. आवाज ऐकला की रचावी लागत नाही.

भोंग्याचा जन्मही असाच ऐकण्यातून झाला, असं सांगतात. आजच्या कॅनडातल्या सेंट जॉन या गावी रॉबर्ट फाउलिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ राहत होते. एका रात्री धुक्यातून घरी येताना त्यांना आपल्या मुलीच्या पियानोचे सूर ऐकू आले. वरचे सूर विरून जात होते, खालचे तेवढे पोचत होते. त्यावरून त्यांना वाटलं, की धुक्यात खर्जाचा आवाज लांब जातो. 1859 साली तिथल्या पार्ट्रिज बेटावर वाफेचा पहिला भोंगा बसला. गोष्टीत भर किती आणि खरं किती कोण जाणे, पण भोंगे आजही खर्जातच वाजतात, आणि जहाज जितकं मोठं तितका त्याचा आवाज खोल असावा, असा नियमच आहे. घरातही मला हे पटतं. अडचणीच्या वेळी वरच्या पट्टीत बोललेलं फार दूर जात नाही. हळू, सावकाश, खालच्या आवाजात सांगितलेलं पोचतं.

रेल्वेनेही आपल्या परीने हेच केलंय. धुक्यात इंजिन चालवणाऱ्याला सिग्नल दिसत नाही. म्हणून सिग्नलच्या निदान 270 मीटर आधी रुळावर दोन फटाके लावायची पद्धत आहे, एकमेकांपासून दहा मीटरवर. चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि लोको पायलटला कळतं की सिग्नल आला. हल्ली इंजिनात 'फॉग पास' नावाचं यंत्रही असतं. पुढे कोणता सिग्नल, कोणतं फाटक, ते जीपीएसवरून आधीच सांगतं. तरी थंडीतल्या पहाटे कानटोपी घालून, हातात दिवा घेऊन रुळांवर जाणारी माणसं अजून आहेत. आपली गाडी दोन तास उशिरा का होईना, पण नीट येते ती त्यांच्यामुळे. फलाटावर कंटाळलेलो असताना त्यांची आठवण ठेवावी.

आपल्या घराघरांत ही सवय पूर्वी होतीच. फोन महाग होता, तेव्हाची एक युक्ती आमच्या पिढीला आठवत असेल. गावाला पोचलं की एसटीडी बूथवरून घरी फोन लावायचा, दोन रिंग वाजू द्यायच्या आणि कोणी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. घरी कळायचं, पोरं पोचली. पैसे पडत नसत. तिकडे आई स्वयंपाकघरातून विचारायची, "वाजला का रे?" आणि कोणीतरी सांगायचं, "दोनदा वाजला." त्यानंतर ती जेवायला बसायची. आता फोन जवळजवळ फुकट झालाय. मग "पोचलो" हा एक शब्द का अवघड व्हावा? हैदराबादहून नागपूरला येणाऱ्या मुलीने बल्लारशाला "आई, बल्लारशा सोडलं" इतकं लिहिलं, तरी आई भाजी फोडणीला टाकायची वेळ ठरवते. तिचा अर्धा दिवस त्या तीन शब्दांनी सुरळीत होतो.

ऑफिसातही हे करून पाहा. काम वेळेत होणार नसेल, तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. "अर्धं झालंय, बाकीचं गुरुवारी देते," असं सोमवारीच सांगावं. ऐकणाऱ्याला गुरुवारपर्यंतची आखणी करता येते. काम अडलं असेल तर "इथे थांबले आहे" हेही सांगावं. दोन लांब भोंगे तेवढ्यासाठीच तर आहेत. थांबलेल्याला नियमात वेगळा आवाज दिलाय, म्हणजे थांबणं हाही प्रवासाचाच भाग धरलाय. मला यात फार धीर वाटतो. नोकरी शोधणारी, निकालाची वाट पाहणारी, आजारातून उठत असलेली कितीतरी माणसं "काय चाललंय सध्या?" या प्रश्नाला चुकवण्यासाठी लग्नकार्याला जाणं टाळतात. त्यांनी बिनधास्त सांगावं, "सध्या थांबलोय." पुढचं वाक्य जोडायची गरज नाही. आणि आपण ऐकणाऱ्यांनीही पुढचा प्रश्न विचारू नये.

कधी असं होतं, की आपण कळवत राहतो आणि समोरून काही येत नाही. भाऊ रुसलेला असतो, मुलगा आपल्या संसारात गढलेला असतो, जुनी मैत्रीण दुरावलेली असते. अशा वेळी मन खट्टू होतं, ते साहजिक आहे. तरी दिवाळीला एक फोन, वाढदिवसाला दोन ओळी, तिच्या आवडीची संत्रा बर्फी दुकानात दिसली की "तुझी आठवण आली" इतकं लिहिणं थांबवू नये. उत्तर आलं तरच वाजवा, अशी अट त्या नियमात कुठेही नाही. पलीकडचा ऐकत असतो. पुष्कळदा त्यालाही कुठल्या शब्दांनी बोलायला सुरुवात करावी ते सुचत नसतं.

आणि आपल्याकडे असा एखादा आवाज आला, तर त्याला पोच द्यावी. लांबलचक नको. "बरं." "कळलं." "जेवून घे." आमच्या शेजारच्या आजी मुलाच्या प्रत्येक "पोचलो"ला व्हॉइस मेसेज करतात आणि त्यात फक्त "हो बाबू" म्हणतात. मुलगा चाळिशीचा आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे. ते दोन शब्द ऐकल्याशिवाय मीटिंगला जात नाही, असं तो सांगतो.

सकाळी कामाला निघताना सीताबर्डीला मेट्रो बदलायची असते, बस यायची असते, गाडी सिग्नलला थांबलेली असते. मेट्रो-बसची वाट पाहण्यात दोन मिनिटं सहज निघतात. गाडी स्वतः चालवत असाल तर पोचल्यावर काढा. हे वाचताना ज्याचं नाव मनात येऊन गेलं, त्याला आज आधी कळवा.